कुटुंबाकडे, कायमचा

ऑर्डवे, ९ फेब्रुवारी

प्रिय आर्डिस,

हाताने लिहिलेलं पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. ऑफिसातून मेल केला की तो सरकारी दप्तरात पडून राहतो, आणि मला जे सांगायचंय ते खरं तर मी बाहेर सांगता कामा नये. पण मावसबहिणीशी बोलतानासुद्धा नियम किती पाळायचे!

आधी माझं कौतुक करून घेते. गेल्या मे महिन्यात या शहरात दोनशे चौदा माणसं रस्त्यावर, पुलाखाली, नाहीतर गाडीत झोपत होती. आज एकशे एकतीस आहेत. हे आकडे मी ठेवते. माणूस किती दिवस बेघर राहिला, इथून कुठे गेला, आणि गेलेला परत आला का, या तीन प्रश्नांवर आमच्या सगळ्या निवाऱ्यांची आणि संस्थांची परीक्षा होते, आणि पेपर तपासणारी मी. राज्याकडून माणसं बघायला येणार आहेत, ऑर्डवेवाल्यांनी अशी काय किमया केली म्हणून. आमच्या साहेब कोल्बर्ग बाई हल्ली जिना चढताना गुणगुणतात.

तर काल जानेवारीची यादी चाळत होते आणि तीत व्हर्लिनचं नाव निघालं. आपला व्हर्लिन, तुझा भाऊ. तो याच शहरात, माझ्या ऑफिसपासून सहा चौकांवरच्या निवाऱ्यात दोन महिने होता आणि मला पत्ता नाही! लाज वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्याच्या नावापुढे लिहिलंय: '१७ जानेवारी. कुटुंबाकडे, कायमचा.' आणि खाली तुझ्या घरचा पत्ता. मी खुर्चीतच रडले गं. शेड जळाल्यानंतर मर्ल त्याला उंबऱ्यावर उभं करणार नाही असंच मी धरून चालले होते. कसं पटवलंस नवऱ्याला? व्हर्लिनला म्हणावं, जोलीनला फोन कर, ती रागावणार नाही.

तुझी,
जोलीन


टॅमरॅक फोर्क, १६ फेब्रुवारी

जो,

पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तेच लिहिलेलं होतं. व्हर्लिन इथे नाही. आला नाही, आणि येणार असं मला कोणी कळवलेलंही नाही. आईच्या अंत्यविधीनंतर तो नावेच्या शेडमध्ये शेगडी पेटवून पडला आणि मर्लच्या दोन नावा, त्याच्या वडिलांच्या सगळ्या गळ-दोऱ्या आणि शेड, सगळ्याची राख झाली. तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, मी भावाचं तोंड पाहिलेलं नाही.

तुमच्या यादीतला व्हर्लिन दुसरा कोणी असेल. आपल्या भागात व्हर्लिनांची काय टंचाई आहे? एकेका चर्चमध्ये दोन-दोन सापडतील. पत्ता माझा म्हणतेस, तर पत्ता काय कोणीही कोणाचाही देतो.

आणि माझ्यासारख्या अडाणी बाईचा एक प्रश्न. दोनशे चौदाची एकशे एकतीस झाली म्हणतेस, मग उरलेली गेली कुठे? आमच्याकडे कोंबड्या कमी झाल्या की आम्ही आधी कोल्हा शोधतो, टाळ्या वाजवत नाही.

मर्लच्या पाठीचं ऑपरेशन डिसेंबरात झालं. घरातल्या घरात फिरतो आणि बर्फ काढणाऱ्या पोराला खिडकीतून शिव्या देतो. थंडी यंदा माणसं मारणारी आहे. जानेवारीत सलग नऊ दिवस पारा शून्याखाली अठ्ठावीसच्या वर आला नाही. तू टोपी घालत जा, फॅशन पुरे.

आर्डिस


ऑर्डवे, २१ फेब्रुवारी

प्रिय आर्डिस,

तो आपलाच आहे. जन्मतारीख जुळते, आणि नोंदीत 'डाव्या हाताची दोन बोटं नाहीत' असंही आहे.

मी रेनाटाला गाठलं. निवाऱ्यातल्या लोकांना घर मिळवून देणं हे तिचं काम. मोठ्या मनाची बाई आहे, तिला बोल लावू नकोस. तिनेच तिकीट काढलं, सतरा तारखेला सकाळी सहा चाळीसच्या बसमध्ये त्याला स्वतः बसवून दिलं आणि स्वतःचे हातमोजे त्याला दिले. ती म्हणाली, "दाढी करून आला होता गं. शर्ट इस्त्रीचा. बहिणीच्या घरी असं गबाळं जाऊ नये म्हणाला." वेळापत्रकाप्रमाणे बस टॅमरॅक फोर्कला दुपारी दोन दहाला पोचते. परतीचं तिकीट तिने काढलं नव्हतं. कायमचा चाललेला माणूस परतीचं तिकीट काय करणार?

आता एक विचारते, खरं सांग. नोंदीत आहे: '१३ जानेवारी, बहिणीला फोन, निरोप ठेवला.' आणि सोळा तारखेला: 'कुटुंबाची संमती पक्की.' तुला फोन आला होता का?

जो


टॅमरॅक फोर्क, १ मार्च

जो,

बस टॅमरॅक फोर्कला येतच नाही. चौफुलीवर थांबते, इथून नऊ मैलांवर. तिथला पेट्रोल पंप उघडा होता तोवर ठीक होतं. लोक आत कॉफी पीत बसायचे, घरी फोन करून गाडी मागवायचे. ऑक्टोबरात पंप बंद पडला. आता तिथे फळ्या ठोकलेली खोली आहे आणि चारी बाजूंनी वारा. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुमच्या वेळापत्रकाला नसेल.

शेरीफकडे जाऊन आले. त्याने वही उघडली, बंद केली आणि म्हणाला, "आर्डिस, मोठा माणूस आहे तो. मोठी माणसं जातात कुठेतरी." इस्पितळांत फोन केले. नाही.

आता तुझा प्रश्न. मला कोणी कळवलेलं नाही असं मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. फोन आला होता.

मी स्वयंपाकघरात होते, फोनच्या निरोपाच्या यंत्रावर कोणा बाईचा गोड आवाज. तुमचा भाऊ तुमच्याकडे यायचं म्हणतोय, चालेल का ते तीन दिवसांत कळवा. मर्ल खुर्चीत बसलेला, पाठीला पट्टा. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी निरोप पुसून टाकला आणि बटाटे सोलायला लागले. 'नाही' म्हणायची हिंमत नव्हती जो, आणि 'हो' म्हणायची त्याहून नव्हती. वाटलं, काही बोललेच नाही तर आपोआप टळेल. पुन्हा विचारतील, नाहीतर तिथेच ठेवून घेतील. निवारा आहे, ऊब आहे, आपल्या दारापेक्षा तिथे बरा, असं मी माझं समाधान करून घेतलं.

आता तू सांग. मी तोंडातून शब्द काढला नाही. मग 'संमती पक्की' असं लिहिणारा कोण गाढव? त्याचं नाव मला हवंय.

आर्डिस


ऑर्डवे, १२ मार्च

प्रिय आर्डिस,

त्या गाढवाचं नाव जोलीन.

हे पत्र चारदा लिहून फाडलं. मागच्या जूनमध्ये आमचे दिवस वाढत होते. म्हणजे माणूस निवाऱ्यात आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचे दिवस. कारण काढलं तर कळलं, घरचे लोक फोनला उत्तरच देत नाहीत. रेनाटाची माणसं आठवडेच्या आठवडे वाट बघत बसायची आणि बाहेर दुसरी माणसं पावसात. तेव्हा मी बैठकीत सुचवलं: तीन दिवसांत घरच्यांनी हरकत घेतली नाही, तर संमती धरावी. मौन म्हणजे संमती, असं म्हणालेही हसून. सगळ्यांना पटलं. कोल्बर्ग बाईंनी दुसऱ्या दिवशी केक आणला. दिवस एकशे अठरावरून एकसष्टवर आले. त्याच कौतुकाच्या भरात मी तुला पहिलं पत्र लिहिलं होतं.

त्या नियमाने गेलेली माणसं एकेचाळीस आहेत.

मी गुपचूप फोन करायला लागले. पहिल्या सहांत दोघं खरोखर घरी आहेत, आनंदात. दोघं आले आणि आठवड्यात निघून गेले, कुठे ते घरच्यांना माहीत नाही. एक नंबर बंद. आणि एका आईने मलाच विचारलं, "म्हणजे तो तुमच्याकडे नाही?"

तुझ्या कोंबड्यांच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं, आता देते. कोण परत आला हे आम्ही ऑर्डवेच्या दारात मोजतो. दुसऱ्या गावात रस्त्यावर आला तर तो आमच्या वहीत दिसत नाही. कुठेच दिसला नाही तर फारच उत्तम.

काल कोल्बर्ग बाईंनी खोलीत बोलावलं. दार लावलं. म्हणाल्या, "जोलीन, तू लोकांना फोन करतेयस असं ऐकलं." मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "पाहुणे एप्रिलमध्ये येतायत. या यशावर चार गावांतले निवारे उभे राहणार आहेत. खरे निवारे, खऱ्या खाटा. तू विचार कर, तू कोणाचं भलं करतेयस." आवाज चढवला नाही. माझा कप स्वतः धुऊन ठेवला.

मला शिव्या घाल, पण पत्र थांबवू नकोस.

जो


टॅमरॅक फोर्क, ३० मार्च

जो,

शिव्या तुझ्यासाठी राखून ठेवल्यात, आधी घरातल्यांना पुरवते.

एक गोष्ट माझ्या डोक्यात टोचत होती. बुधवारी संध्याकाळी मी चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला जाते. सतरा जानेवारी बुधवार होता, मी कॅलेंडर काढून पाहिलं. त्या दिवशी परत आले तेव्हा अंगणातल्या ताज्या बर्फात पावलं होती. रस्त्यावरून पायऱ्यांपर्यंत, आणि पायऱ्यांवरून परत रस्त्यापर्यंत. मी विचारलं तर मर्ल म्हणाला, मीटरवाला आला होता. मीही मान डोलावली. संध्याकाळच्या वेळी, त्या थंडीत, मीटरवाला!

काल जेवताना काढलं.

"मर्ल, ती पावलं कोणाची होती?"

"कसली पावलं?"

"तुला माहितीये कसली."

तो सूप ढवळत बसला. मग म्हणाला, "शेगडीपाशी थोडा बसू का, म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या शेगड्या पाहिल्यात मी."

"आणि?"

"आणि काय? दोन सँडविच दिली कागदात बांधून. म्हटलं, सकाळची बस चौफुलीवरून आहे."

"नऊ मैल, मर्ल. अंधारात."

"आला होता ना चालत? तसाच जाईल वाटलं." मग म्हणाला, "तू काही बोलली नाहीस त्या फोनवर. मला वाटलं, तुलाही तो नकोय."

जो, एकेचाळीस वर्षं या माणसाच्या शेजारी झोपतेय. मला त्याच्या अंगावर गरम सूप ओतावंसं वाटलं. पण तो रडत होता, आणि तो म्हणाला ते खोटं नव्हतं. हे सगळ्यात वाईट.

आज आम्ही दोघं गाडी घेऊन चौफुलीवर गेलो. मर्ल पट्टा बांधून आला. पंपाच्या मागे, बर्फ लोटणाऱ्या गाडीने केलेला ढीग अजून माझ्या छातीइतका आहे. मर्लने फावडं मारलं तर ठणकन आवाज आला, नुसता दगड झालाय. शेरीफ म्हणतो, बर्फ उतरेपर्यंत काही करता येत नाही.

आर्डिस


ऑर्डवे, १२ एप्रिल

आर्डिस,

थोडक्यात लिहिते. सोमवारी संगणकाने मला आत घेतलं नाही. माझा प्रवेश 'दुरुस्तीसाठी' बंद आहे. त्याआधी सगळी यादी मी घरच्या वहीत हाताने उतरवून घेतलीय, नावं आणि फोन नंबर. पाहुणे येऊन गेले. टाळ्या झाल्या. मी मागच्या रांगेत बसले होते आणि टाळ्या वाजवल्या. का, ते मला सांगता येत नाही.

काही कळलं का? तुझं पत्र नाही म्हणून रोज पेटी बघते.

जो


टॅमरॅक फोर्क, ६ मे

जो,

सव्वीस एप्रिलला सापडला. पंपाच्या मागच्या भिंतीला टेकून बसलेला, गुडघे पोटाशी. खिशात एक सँडविच शिल्लक होतं. एक त्याने खाल्लं, एक सकाळच्या बसमध्ये खायला ठेवलं असणार, लहानपणापासून तसाच होता. हातमोजे बायकी, लाल. त्या रेनाटाला सांग, ते त्याच्या हातातच राहू दिले.

शनिवारी पुरला, आईच्या डाव्या हाताला. चर्चच्या तळघरात बायकांनी कॉफी आणि ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश केली होती. प्रत्येक जण म्हणाला, बिचारा, कोणाच्या लक्षातच आलं नाही. मी आणि मर्ल, आम्ही ऐकून घेतलं. मग पाद्री प्रार्थनेला उभे राहिले तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं की तो आमच्या दारात आला होता. मर्लच्या चुलतभावाने त्याच्याकडे पाठ केली. होऊ दे. दारातून हाकलल्याचं एवढं तरी भोगायलाच हवं.

माझं एकच मागणं आहे. तुमच्या यादीतली ती ओळ खोड. माझा भाऊ माझ्या घरी सुखात आहे असं जगात कुठेही लिहिलेलं मला नको.

आर्डिस


ऑर्डवे, १७ मे

प्रिय आर्डिस,

तुझं पत्र हातात घेऊन रेनाटाकडे गेले. तिने वाचलं आणि उठून निवाऱ्यातल्या खाटांवरच्या चादरी बदलायला लागली. स्वच्छ होत्या त्यासुद्धा.

ओळ खोडता येत नाही. कोल्बर्ग बाईंपुढे मी हट्टाने बसले, त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. व्हर्लिनची नोंद सतरा तारखेला बंद झाली. डॉक्टरांनी मृत्यू अठरा तारखेचा लिहिलाय. बंद नोंदीत मृत्यू भरायला जागाच नाही. तो आमच्याकडून जिवंत गेला, कुटुंबाकडे गेला, एकसष्ट दिवसांत गेला. दर तीन महिन्यांनी यंत्र विचारणार, परत आला का? आणि स्वतःच उत्तर देणार, नाही. दोन वर्षं हे चालेल. आमच्या मोजमापात त्याच्याइतका चांगला निकाल कोणाचाच नाही, आर्डिस.

मी म्हटलं, "माणूस मेलाय, बाई." त्या म्हणाल्या, "मला खरंच वाईट वाटतंय. पण तो आमच्या सेवेत असताना मेला नाही." त्यांना खरंच वाईट वाटत होतं, हे मला जास्त भयानक वाटलं.

आता नीट वाच. सहा महिने झाले की प्रत्येक घरी एक कागद जातो: ती व्यक्ती अजून तुमच्याकडे राहते का? तुला जुलैच्या मध्यावर येईल. उत्तर आलं नाही तर 'राहते' असं धरलं जातं. हाही नियम माझाच. आणि पंचवीस जुलैच्या गुरुवारी वर्षाचा अहवाल नगरभवनात सगळ्यांसमोर वाचला जाणार आहे. कोणीही येऊन बोलू शकतो, तीन मिनिटं. आजवर कोणी आलेलं नाही.

सोबत वहीतल्या पानांची नक्कल पाठवते. चाळीस नावं. हे करून मी नोकरी घालवतेय हे मला कळतं. मला फोनवर बसू देत नाहीत, पण तुझ्या स्वयंपाकघरात कोण येणार अडवायला?

जो


टॅमरॅक फोर्क, २० जुलै

जो,

चाळीस घरी फोन झाले. चर्चमधल्या तिघी रोज दुपारी माझ्याकडे येऊन बसत होत्या. बारा माणसं घरी आहेत, त्यांतल्या एकाने माझ्याशी तासभर टोमॅटोवर गप्पा मारल्या. तेरा येऊन पुन्हा निघून गेली. सहा नंबर बंद. आणि नऊ घरं म्हणाली, आमच्याकडे कोणी आलंच नाही. नऊ, जो. त्यांतल्या पाच जणांना तोवर वाटत होतं की माणूस ऑर्डवेत सुखरूप आहे. निरोप आम्हीही पुसला होता, असं तिघांनी आपणहून सांगितलं. मी त्यांना काहीही बोलले नाही. मी कोण बोलणारी?

तुमचा कागद मंगळवारी आला. व्हर्लिन तुमच्याकडे राहतो का: 'नाही'वर खूण केली. नसल्यास कुठे, म्हणून खाली सात चौकोन. भाड्याचं घर, मित्राकडे, इस्पितळ, तुरुंग, असले. एकातही तो बसेना. मग मी कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं: 'आईच्या डावीकडे. दारातून परत पाठवल्यामुळे.' आणि खाली सही केली. सोबतचं तिकीट लावलेलं पाकीट तसंच ठेवलंय. कागद मी स्वतः आणते. गुरुवारी माझ्या तीन मिनिटांत एवढंच वाचणार आहे, मग उरलेल्या वेळात नऊ नावं. नऊपैकी चौघांच्या घरचे येतायत, त्यांच्यासाठी पुढची रांग धर. तुलाही उभं राहून तुझा नियम तुझ्या तोंडाने सांगावा लागेल. मी तुला तिथे सांभाळून घेणार नाही, आधीच सांगते. बाहेर आल्यावर बघू.

मला एवढी गाडी चालवत नाही, म्हणून मर्लला म्हटलं, येशील का? तो खिडकीबाहेर बघत राहिला. पुन्हा विचारलं. त्याने टोपी उचलली, खाली ठेवली. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मला तोंडाने सांग, मर्ल.

"येतो," म्हणाला. "आणि मीही बोलतो."

आर्डिस